डॉल्बीसाठी मिक्स करणाऱ्याला पुढे करिअर आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: इचलकरंजीचा तेवीस वर्षांचा मुलगा, बी. कॉम. झालेला. दिवसा एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो, रात्री एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर डॉल्बीवाल्यांसाठी हलगी मिक्स आणि साउंड चेकचे ट्रॅक बनवतो. यूट्यूबवर ते चालतात, पण पैसे गणपतीत आणि लग्नसराईत मिळतात तेवढेच. आता स्वतःचं संगीत करायचं आहे. विचारतो आहे, की इलेक्ट्रॉनिक म्युझिक प्रोड्यूसर म्हणून पोट भरतं का, त्यासाठी मुंबई गाठावी का, दोन-तीन लाखांचा कोर्स करावा का, आणि एआयमुळे काम जाईल का. सोबत दोन ट्रॅक पाठवले आहेत.

पोट भरतं. पण जे काम तुझ्या डोळ्यांसमोर आहे त्याने नाही, निदान सुरुवातीची बरीच वर्षं नाही. आपल्या नावाने ट्रॅक काढायचा, तो स्ट्रीमिंगवर उचलला जायचा, मग फेस्टिव्हलवाल्यांचा फोन यायचा, असं मोजक्यांचं होतं. बाकी आम्ही सगळे दुसऱ्यांसाठी आवाज बनवून जगतो. जाहिरात, सिनेमातल्या गाण्याचं प्रोग्रामिंग, वेब सिरीजचं पार्श्वसंगीत, कुणाचं मिक्सिंग, कुणाचं मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात. त्यात कमीपणा काही नाही. गोची होते ती मजुरी घेता घेता मालकीही देऊन टाकतो तेव्हा. तू हिशेबातला माणूस आहेस, म्हणून सांगतो: पहिल्या दिवसापासून दोन वह्या ठेव. एक मजुरीची, म्हणजे काम केलं, पैसे घेतले, विषय संपला. दुसरी मालकीची, म्हणजे जे तुझं आहे आणि तुझंच राहणार आहे. दोन्हींत भर पडत राहिली तर हा धंदा टिकतो. एकच भरत गेली तर दहा वर्षांनी एक तर हाताशी पैसे नसतात, नाही तर नावावर काही नसतं.

हे आजचंच आहे असं समजू नकोस. चरणजित सिंग हे नाव ऐकलं आहेस का? मुंबईतल्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गिटार आणि बेस वाजवणारा माणूस, लग्नसमारंभांतही स्वतःचा वाद्यवृंद घेऊन वाजवायचा. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं, टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८, एकत्र जोडून दहा रागांची एक तबकडी केली. टीबी-३०३ हे यंत्र मुळात गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून काढलेलं. ते बाजारात पडलं आणि १९८४ च्या सुमारास बंदही झालं. त्याच यंत्रातून शिकागोत अॅसिड हाउस हा क्लबमधल्या संगीताचा प्रकार निघाला तो नंतर, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. चरणजितजींची तबकडी तेव्हा कुणी फारशी विकत घेतली नाही. २०१० मध्ये ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, जगभर गाजली, आणि सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ युरोपात मंचावर तीच यंत्रं वाजवायला गेला. २०१५ मध्ये ते वारले. मधली पंचवीस-तीस वर्षं घर चाललं ते वाजवण्याच्या कामावर. काळाच्या पुढचं काम केलं म्हणून त्या वर्षीचं भाडं कुणी भरत नाही, एवढं त्यातून घे.

आता मजुरीच्या वहीतलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी दिसणारं काम: म्युझिक प्रोग्रामर. बाहेरच्या माणसाला वाटतं संगीतकार चाल करतो आणि गाणं तयार होतं. प्रत्यक्षात संगीतकार व्हॉट्सअॅपवर गुणगुणून एक व्हॉइस नोट पाठवतो. त्यावरून टेम्पो पकडायचा, कॉर्ड बसवायचे, ठेका उभा करायचा, सिंथचा (सिंथेसायझरचा) आवाज शोधायचा, गायकासाठी स्क्रॅच, म्हणजे कच्चा ट्रॅक काढायचा, नंतर खरी वाद्यं रेकॉर्ड झाली की ती त्यात बसवायची आणि शेवटी मिक्सिंग इंजिनिअरला सगळे स्टेम्स, म्हणजे वाद्यावाद्याचे सुटे ट्रॅक, नीट नावं देऊन पाठवायचे, हे सगळं प्रोग्रामर करतो. गाण्यामागे ठरलेली रक्कम मिळते. हिंदीत हे काम भरपूर आहे, मराठी सिनेमात आणि मालिकांच्या शीर्षकगीतांतही आहे. इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्याला यात जन्मजात फायदा, कारण शून्यातून आवाज उभा करायची त्याला सवय असते. तुझ्याकडे तर त्याहून वेगळी गोष्ट आहे. हलगी, संबळ, नाशिक ढोल कुठल्या लयीत कसा चालतो हे तुला झोपेतही कळतं. अंधेरीत बसलेल्या प्रोग्रामरला कुणी ‘जरा गावाकडचा कडक ठेका दे’ म्हटलं की तो लायब्ररीतला तयार लूप ओढतो, आणि तो लूप कुठल्याच गावचा नसतो.

या कामात शिरायचं कसं? लांबलचक ट्रॅक पाठवू नकोस, ऐकायला कुणाला वेळ नसतो. चार-पाच तुकडे कर, प्रत्येक अर्ध्या-पाऊण मिनिटाचा, प्रत्येकाचा बाज वेगळा: एक क्लबचा, एक लोकठेक्याचा, एक शांत पार्श्वसंगीताचा, एक जाहिरातीसारखा झटपट पकडणारा. आणि त्यातल्या कशावरही ‘डीजे अमुक इन द मिक्स’ असा टॅग नको. मिरवणुकीत टॅग म्हणजे तुझी सही आहे, स्टुडिओत तो ऐकला की समोरचा दार लावून घेतो. अन्याय आहे, पण आहे.

मुंबईला आत्ताच जायची गरज मला दिसत नाही. अंधेरी, वर्सोवा, आरामनगर भागात काम वाटलं जातं हे खरं, आणि तिथल्या लोकांशी ओळख झाल्याशिवाय मोठी कामं येत नाहीत हेही खरं. पण तिथलं भाडं भरायला लागलास की पहिले सहा महिने-वर्ष जी मिळतील ती कामं घ्यावी लागतात आणि मालकीची वही कोरी राहते. इचलकरंजीत घरचं जेवण आहे, खोली आहे, पगार आहे. फाइल्स इंटरनेटवरून जातात. महिन्या-दोन महिन्यांतून पुण्या-मुंबईची चक्कर मार, माणसं भेट, स्टुडिओत बसून ऐक. नियमित काम देणारी दोन-तीन माणसं झाली की मग मुक्काम हलवायचा विचार कर. जाता जाता, तुझ्या गावाला कमी लेखू नकोस. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणाऱ्या बाळकृष्णबुवांनी आडनावच तुझ्या गावाचं लावलं होतं.

आता मालकीची वही. हा भाग मुलं वाचत नाहीत, म्हणून जरा लांबवून सांगतो.

एका ट्रॅकमध्ये दोन वेगवेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे चाल, सूर, ठेका ज्याने रचला त्याचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, ज्याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. घरात बसून, स्वतःच्या खर्चाने, स्वतःचं संगीत केलंस तर दोन्ही तुझे. कंपनीने पैसे घालून करून घेतलं तर मास्टर बहुधा कंपनीचा होतो. रचनेचा हक्क मात्र इतका सहज जात नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, आणि तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारात लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. ‘मी रॉयल्टी सोडली’ असं तू सही करून दिलंस तरी ते कलम टिकत नाही. संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्यानंतर साठ वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणाचा, प्रकाशित झाल्यापासून साठ वर्षं.

याच कायद्यातल्या आणखी तीन गोष्टी करार वाचताना समोर ठेव. हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेला असावा लागतो. तोंडी किंवा फोनवर ‘दिलं’ म्हटल्याने हक्क जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कंपन्यांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून त्यांच्या कागदावर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगभर’ हे शब्द असतातच असतात. ते खोडून मुदत पाच किंवा दहा वर्षं करून मागायला लाजू नकोस. नाही म्हणतील, क्वचित हो म्हणतील, पण विचारणाऱ्याकडे ते वेगळ्या नजरेने बघतात.

प्रोग्रामरच्या बाबतीत इथेच मेख आहे. कायद्याचं ते संरक्षण रचनाकाराला आहे. तू फक्त दुसऱ्याची चाल सजवलीस तर तू रचनाकार ठरत नाहीस. पण आज कित्येक गाणी ज्या चार मात्रांच्या तुकड्यामुळे लोकांच्या तोंडी बसतात तो तुकडा, मग ती सिंथची लकेर असो की ठेक्याची उलटी, प्रोग्रामरने बनवलेला असतो. असं झालं की गाणं बाहेर पडायच्या आधी सह-रचनाकार म्हणून नाव माग. नंतर मागून काही मिळत नाही, उलट संबंध बिघडतात. आणि ‘घोस्ट प्रोडक्शन’ची मागणी आली, म्हणजे ट्रॅक तू करायचा आणि नाव दुसऱ्या डीजेचं, तर ती शुद्ध मजुरी समजून तसा भाव लाव. मी स्वतः ते काम वाईट मानत नाही. पण जे आवाज तुझी ओळख होऊ शकतात ते त्यात घालू नकोस.

स्वतःचा ट्रॅक प्रकाशित करताना डिस्ट्रिब्यूटरमार्फत तो सगळ्या स्ट्रीमिंग सेवांवर जातो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा एक आयएसआरसी, म्हणजे ओळख क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेव. डिस्ट्रिब्यूटर बदललास तरी क्रमांक तोच द्यायचा; नवा घेतलास की आधी झालेले स्ट्रीम त्या ट्रॅकला जोडले जात नाहीत. नावाचं स्पेलिंगही सगळीकडे एकच. रचनाकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे रचनेची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घे. ही संस्था १९६९ पासून आहे आणि २०१७ मध्ये दुरुस्त कायद्याखाली तिची पुन्हा नोंदणी झाली. डिस्ट्रिब्यूटर तुला मास्टरचे पैसे देतो, आयपीआरएस रचनेचे. पहिले मिळतात म्हणून दुसरे आपोआप येतात असं नाही, आणि निम्म्याहून जास्त मुलं ते कधी मागतच नाहीत असा माझा अनुभव आहे.

स्ट्रीमिंगच्या रकमेकडे मात्र आशेने बघू नकोस. एका स्ट्रीमला ठरलेला भाव नसतो. सेवेच्या उत्पन्नातून तुझ्या हिश्शाप्रमाणे वाटणी होते, आणि भारतात फुकट ऐकणारे जास्त, वर्गणीही स्वस्त, म्हणून वाटणीही बारीक. त्यातून स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला, की मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला मास्टरचे पैसेच नाहीत. परदेशी श्रोता मिळाला तर आकडा बदलतो. बँडकॅम्प या संकेतस्थळावर चाहत्यांना थेट विक्री होते आणि ते डिजिटल विक्रीवर पंधरा टक्के कापतात; तिथे दोनशे पक्के चाहते स्ट्रीमिंगवरच्या दोन लाख ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त देऊन जाऊ शकतात. अमेरिकेतल्या कंपनीकडून पैसे येणार असतील तर डब्ल्यू-८बेन हा फॉर्म भर. नाही भरलास तर तिथल्या उत्पन्नावर तीस टक्के कर कापतात, भरलास तर भारत-अमेरिका कर-करारानुसार रॉयल्टीवर पंधरा. टीडीएस, वीस लाखांची जीएसटी मर्यादा वगैरे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून तो विषय सोडतो.

तुझ्या आत्ताच्या कामाबद्दल बोलायलाच हवं, कारण तिथेच तुझी ताकद आहे आणि तिथेच तुझी अडचण. गाजलेल्या गाण्याचा आवाज उचलून त्यावर हलगी आणि ड्रॉप, म्हणजे ठेका एकदम जोरात कोसळतो तो भाग, चढवलेला रिमिक्स कितीही चालला तरी मालकीच्या वहीत त्याची नोंद शून्य. मूळ मास्टर कंपनीचा, मूळ रचना दुसऱ्याची. यूट्यूबवर कंटेंट आयडीने, म्हणजे गाणं ओळखणाऱ्या यंत्रणेने, दावा लागला की जाहिरातीचे पैसे तिकडे जातात, आणि हे बरोबरच आहे. ‘पारंपरिक गाणं आहे, त्याला कुठला कॉपीराइट’ असं म्हणून सुटका होत नाही. ओवी पारंपरिक असेल, पण ती अमुक बाईंनी गायलेलं ध्वनिमुद्रण कुणाच्या तरी मालकीचं असतंच. उपाय सोपा आहे आणि तुला तो पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा सोपा पडेल. गावातल्या ओवी म्हणणाऱ्या आजीबाईंना, हलगीवाल्या मामांना, संबळवाल्याला बोलाव, रेकॉर्ड कर, ठरलेले पैसे त्याच दिवशी हातात दे, आणि एका कागदावर मराठीत लिहून सही घे: काय वाजवलं, कशासाठी वापरणार, किती दिले, पुढे उत्पन्न झालं तर त्यांचा वाटा किती. ट्रॅकच्या क्रेडिटमध्ये त्यांचं नाव घाल. हलगी वाजवणारे बहुतेक मातंग समाजातले. त्यांच्या वादनावर डॉल्बीचा अख्खा धंदा उभा आहे आणि त्यांचं नाव कुठल्याच थंबनेलवर नसतं. तू तरी ते चालू ठेवू नकोस.

रेकॉर्ड करताना एक काळजी. हलगीला शेकून ताण दिलेला असतो, थोड्या वेळाने ती उतरते. त्यामुळे सकाळी घेतलेले आणि दुपारी घेतलेले ठोके एका ट्रॅकमध्ये जोडलेस तर स्वर जुळत नाही. दर थोड्या वेळाने पुन्हा शेकू दे, आणि प्रत्येक टेकच्या आधी एक सुटा ठोका घेऊन ठेव म्हणजे नंतर तुलना करता येते. माइक चामड्याच्या समोर सरळ नको, थोडा तिरका आणि हातभर लांब. काडीचा कडकडाट दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. तो जवळून घेतला की कान फाडतो आणि मग इक्वलायझरने कापत बसावं लागतं, त्यात हलगीचा जीव जातो.

लयीचा मुद्दा इथेच घेतो. क्लबमधलं हाउस संगीत मिनिटाला एकशे वीस ते एकशे अठ्ठावीस ठोक्यांच्या टेम्पोत, सरळ चारांचं. आपले कितीतरी लोकठेके, कोळीगीतं तर सर्रास, सहाच्या अंगाने झुलतात. बहुतेक मुलं हलगी कापून सॉफ्टवेअरच्या सोळा सारख्या घरांच्या जाळीत कोंबतात, आणि तो झोल निघून गेला की ती हलगी राहत नाही, नुसता टिनाचा डबा होतो. किक, म्हणजे खालचा जड ठोका, चार सरळच ठेव. पण प्रत्येक ठोक्याचे तीन भाग पाडून हलगी त्या तिनांवर चालू दे. ग्रिड, म्हणजे ती जाळी, ट्रिपलेटवर टाक आणि तरीही वादकाचे ठोके पूर्ण क्वांटाइझ करू नकोस, म्हणजे जाळीवर ओढून चिकटवू नकोस. साठ-सत्तर टक्क्यांवर थांब. सरळ किक आणि झुलती हलगी यांच्या ओढाताणीतच अंगात येतं. मराठी हाउसला आता बाहेरही दारं उघडली आहेत. मुंबईच्या क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सवर आलं. त्याची नक्कल करायला धावू नकोस, एव्हाना तशा नकला ढिगाने झाल्या आहेत. पण मराठी शब्द आणि मराठी ठेका क्लबमध्ये चालत नाही, ही सबब आता उरलेली नाही.

तुझे पाठवलेले दोन ट्रॅक ऐकले. ड्रॉप चांगले बांधतोस, पण किकच्या आजूबाजूला सूज आहे. तुझी खोली दहा बाय दहा आहे ना? मग गणित बघ. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असेल तर ज्या लाटेची अर्धी लांबी दहा फूट आहे ती खोलीत अडकून घुमते. ती साधारण छप्पन्न-सत्तावन्न हर्ट्झची, म्हणजे नेमकी किकची जागा. लांबी-रुंदी सारखी, त्यात छतही दहा फुटांवर असेल तर तिन्ही दिशांनी तोच एक स्वर गोळा होतो. भिंतीजवळ तो फुगलेला ऐकू येतो आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी जवळपास गायब होतो. तू मध्यभागी बसून मिक्स करत असणार, म्हणून किक कमी वाटते, तू वाढवतोस, आणि डॉल्बीच्या स्पीकरच्या भिंतीवर ती ढोसायला लागते. खुर्ची पुढच्या भिंतीपासून पावणेचार-चार फुटांवर आण. कोपऱ्यांत आवाज शोषणाऱ्या रॉकवूलचे चार-सहा इंच जाड पॅनेल जमिनीपासून छतापर्यंत लाव. स्थानिक सुताराकडून चौकटी करून घेतल्यास खर्च फार नाही. अंड्यांचे ट्रे आणि पातळ फोम यांनी खालच्या स्वरांना काही होत नाही, खोली फक्त वरच्या स्वरांत मेल्यासारखी होते. आणि खालचा भाग नेहमी चांगल्या हेडफोनवर तपास, कारण हेडफोनला खोली नसते.

तीस हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाक. रस्त्यावरचे बेसचे स्पीकर ते वाजवू शकत नाहीत, अॅम्प्लिफायरची ताकद मात्र त्यात जळते. शंभर हर्ट्झच्या खाली सगळं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच, ठेव. मिरवणुकीतली सिस्टीम बहुधा मोनोच चालते आणि रुंद केलेला बेस तिथे आपसांत कापला जातो. आवाजाच्या पातळीचं म्हणशील तर स्पॉटिफाय सगळे ट्रॅक उणे चौदा एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या जोराचं माप) आसपास आणून वाजवतं, म्हणून ट्रॅक चिरडून मोठा केल्याने तिथे काही मिळत नाही. क्लबसाठीचा मास्टर, म्हणजे इथे अंतिम फाइल, वेगळा आणि जास्त आवाजाचा असतो. दोन्ही वेगवेगळे काढ.

मंचावर वाजवणं हा वेगळा धंदा आहे आणि त्याचं उत्पन्न हंगामी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ती मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. याच नियमाने गोव्यातल्या हणजूण-वागातोरच्या रात्रभराच्या पार्ट्या आक्रसल्या, दिवसाचे कार्यक्रम वाढले आणि बंदिस्त जागांना भाव आला. गोव्यात नोव्हेंबर ते मार्च धंदा, पावसाळ्यात शुकशुकाट. सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव २००७ मध्ये गोव्यात कांदोळीला सुरू झाला आणि २०१६ मध्ये पुण्यात आला, तेव्हा आपल्याकडच्या मुलांना मोठा मंच जवळून बघायला तरी मिळाला. पण तिथे दुपारी तीन वाजता रिकाम्या मैदानापुढे वाजवणाऱ्या स्थानिक कलाकाराला काय मिळतं ते विचारून बघ. मी डीजेगिरीला नाही म्हणत नाही. लोक कुठे नाचतात आणि कुठे मोबाइल काढतात हे स्टुडिओत बसून कळत नाही. फक्त घरखर्च त्यावर बेतू नकोस.

कानांचं बघ, आणि आजच बघ. पंच्याऐंशी डेसिबल आवाज आठ तास सोसतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं. डॉल्बीच्या समोर तू तासन्‌तास उभा असतोस आणि तिथला आवाज शंभराच्या कितीतरी वर असतो. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, आवाजाचा रंग न बदलता पातळी कमी करतात. रात्री कानात शिट्टी वाजायला लागली असेल तर दुसऱ्या दिवशी मिक्स करू नकोस आणि डॉक्टरकडे जा. ऐकू येणं एकदा गेलं की ते परत येत नाही.

एआयचं विचारलं आहेस. कंपन्यांच्या माहितीपटामागे वाजणारं, कुणी न ऐकणारं संगीत यंत्र बनवून देतंय आणि ते काम आमच्या हातून गेलंच आहे. त्याची भरपाई शोधत बसू नकोस, त्या वाटेलाच जाऊ नकोस.

राहिला कोर्स. पुण्याच्या एफटीआयआयचा साउंडचा पदविका अभ्यासक्रम उत्तम आहे, पण तो तीन वर्षांचा आणि सिनेमाच्या ध्वनीसाठी आहे, तुला हवं ते त्यात नाही. सहा महिन्यांत प्रोड्यूसर बनवून देणारे खासगी कोर्स बहुतेक सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात, आणि ती तुला येतात. एफएल स्टुडिओ सोडून एबलटन घेण्याचीही घाई नको. एफएलचे अपडेट आयुष्यभर फुकट आहेत आणि त्यावर जे जमत नाही ते दुसऱ्यावरही लगेच जमणार नाही. आत्ता पायरेटेड वापरत असशील तर आधी लायसन्स घे, कारण जाहिरातवाले विचारतात. दोन-तीन लाख खरंच बाजूला असतील तर त्यातले थोडे खोलीच्या पॅनेलवर, थोडे चांगल्या हेडफोनवर, एक ऑडिओ इंटरफेस आणि दोन माइक, आणि उरलेले हलगीवाले, संबळवाले, गाणाऱ्या बाया यांच्या मानधनासाठी ठेव. आठवड्यातून एक तास हार्मोनियम शिकायला जा. कॉर्ड आणि स्वर कानाने ओळखता येत नसतील तर व्हॉइस नोटवरून गाणं उभं करणं जमत नाही, आणि तुझ्या दोन्ही ट्रॅकमध्ये बेस एका स्वरात आणि लकेर दुसऱ्याच स्वरात आहे.